बोअरचं जड पाणी, मे महिन्याच्या झळा आणि कुरळे केस: शेंड्यांचे फाटे थांबवून लांबी कशी वाढवायची?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. केस गळण्याबद्दल इथे भरपूर धागे आहेत. माझा प्रश्न तुटण्याचा आहे, म्हणून वेगळा काढते.

केस कुरळे, ओले असताना बोटाएवढ्या जाडीची वळी पडते. रंग, स्मूदनिंग काही केलेलं नाही. लांबी खांद्याखाली चार बोटं आली की तिथेच अडते, दोन वर्षांपासून हेच. मुळाशी दाट आणि खाली उंदराच्या शेपटीसारखे. शेंड्यांना फाटे आहेत, शिवाय मधेच बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि तिथूनच केस तुटतो.

पाणी बोअरचं, तपासणीत कठीणपणा 520 मिलिग्रॅम प्रतिलिटर आला. आठवड्यातून दोनदा शाम्पू, आदल्या रात्री खोबरेल थापून. न्हाल्यावर पंचाने झटकायचे आणि ओले असतानाच फणीने गुंता काढायचा. रोज 20 किलोमीटर स्कूटी, तोंडाला स्कार्फ.

तर पाण्याचं काय करायचं, तेल किती, कापायचं किती आणि किती दिवसांनी, आणि कुरळेपणा न घालवता सणावाराला केस कसे बांधायचे? केळ्याचा लेप सांगू नका ही विनंती.

पांझरा

ताई, आधी एक खात्री करून घ्या. कंगव्यात आलेले वीस-पंचवीस केस पांढऱ्या कागदावर पसरा. ज्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ आहे तो मुळातून गळालेला. दिवसाला 50 ते 100 असे केस जाणं हे रोजचंच, न्हाण्याच्या दिवशी जास्त. ज्याला गाठ नाही आणि जो आखूड आहे तो मधून तुटलेला. तुमच्या वर्णनावरून दुसरेच जास्त निघतील.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला 15 च्या आसपास. तुमचेही वाढतायत. वरून जेवढे येतात तेवढेच खालून झडतात, म्हणून माप हलत नाही. अहिराणीत सांगायचं तर केस वाढतस, पन शेंडाले तुटतस. पुरं उत्तर यामाच शे. तेव्हा ‘केस वाढवणाऱ्या’ बाटल्यांवर एक रुपयाही घालू नका.

मधले पांढरे ठिपके म्हणजे त्या जागी केसाचं वरचं कवच उडून आतले तंतू झाडूच्या काड्यांसारखे पिसारलेत. कवच कौलांसारखं असतं, एकावर एक खवले, तोंड शेंड्याकडे. घासून, ओढून, उलटं विंचरून कौलं निघतात आणि मग आतलं लाकूड उघडं पडतं. कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर ताण येतो, आणि टाळूचं नैसर्गिक तेल वळणं घेत खालपर्यंत पोचत नाही. त्यामुळे सरळ केसाला जे खपतं ते याला खपत नाही.

तुमच्या यादीतली सगळ्यात महाग सवय म्हणजे ओल्या केसात फणी. ओला केस कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो आणि कमकुवत असतो. फणीचे दात गाठीत अडकले की तो रबरासारखा लांबतो, परत पूर्ण आखडत नाही आणि कवचाला तडे जातात. फणी उवांसाठी असते, गुंत्यासाठी नाही.

दुसरं पंचाने झटकणं. आपल्याकडे केस झोडल्याशिवाय न्हाणं पूर्ण झालं असं वाटतच नाही, पण त्या फटक्यांत शेंडेच पिसारतात. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घ्या, केस त्यात दाबून पाणी टिपा, पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. चोळायचं नाही.

गुंता न्हातानाच काढायचा. शाम्पू धुऊन झाला की तुमच्या लांबीला 20 ते 25 मिली कंडिशनर, टाळू सोडून कानाखाली. केसांचे चार भाग करा. एक भाग मुठीत गाठीच्या वर धरा म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, मग आधी बोटांनी आणि नंतर रुंद दातांच्या कंगव्याने, शेंड्यापासून सुरुवात करून दोन-दोन बोटं वर सरकत. पहिल्या वेळी 15 मिनिटं लागतील, महिन्याभराने पाच. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिक कंगव्याच्या दातांवर एक बारीक जोडरेषा असते. नखाला लागली की कंगवा बाद, ती करवतीचं काम करते. लाकडी किंवा कापून घासलेला कंगवा घ्या.

कोरडे कुरळे केस विंचरूच नका. मधल्या दिवशी गुंता झाला तर स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर, तेवढ्या भागावर फवारून बोटांनी सोडवायचा.

जड_पाणी

पाण्याचं मी सांगतो.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 आहे. त्यात कठीणपणा 200 पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा असं आहे. म्हणजे तुमचं 520 प्यायला कायद्यात बसतं. केस कायदा वाचत नाहीत. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा खर धरतो, हीटरच्या कॉइलवर जो थर बसतो, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं. झिजलेल्या शेंड्यांवर ऋण भार जास्त असतो, म्हणून तिथे ते जास्त चिकटतं. केस खरखरीत झाला की शेजारच्या केसात अडकतो, आणि गुंता तिथूनच सुरू होतो. साबणाने डोकं धुणाऱ्यांचे हाल आणखी वाईट. साबण आणि जड पाणी मिळून न विरघळणारा चिकट साका होतो, तो कितीही पाणी ओतलं तरी निघत नाही.

आता उपाय, स्वस्तातल्यापासून.

शेवटचं पाणी बदला. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्याने होऊ द्या, फक्त शेवटी दोन-तीन लिटर आरओचं शुद्ध पाणी केसांवरून सोडा. एक चूक घरोघरी दिसते: आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानेच डोकं धुणं. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशीला, संडासाला वापरा.

आंबट पाणी. साधं पांढरं व्हिनेगर (5 टक्के). आरओच्या पाण्यात लिटरला चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली, पुरतं. बोअरच्या पाण्यात तेवढं घातलंत तर पाण्यातला बायकार्बोनेटच ते खाऊन टाकतो आणि केसाला काहीच मिळत नाही. तिथे मोठा चमचा, 15 मिली हवं. जालावरच्या कृती मऊ पाण्याच्या गावच्या असतात, म्हणून ‘मला फरक पडला नाही’ असं आपल्याकडे ऐकू येतं. कंडिशनरच्या आधी ओता, मिनिटभर ठेवा, धुवा. टाळूला जखम किंवा पुरळ असेल तर नको.

क्षार ओढून काढणारा शाम्पू, दर तिसऱ्या-चौथ्या न्हाण्याला एकदा. बाटलीमागे घटकांत टेट्रासोडियम ईडीटीए, डायसोडियम ईडीटीए किंवा फायटिक ॲसिड लिहिलंय का बघा. बऱ्याच साध्या शाम्पूंतही ईडीटीए असतं, पण टिकाऊपणापुरतं चिमूटभर. यादीत शेवटच्या दोन-तीन नावांत असेल तर फार आशा नको. रोज मात्र वापरू नका, केस कोरडे पडतात.

पाणी उकळल्याने थोडा कठीणपणा जातो, सगळा नाही. दहा मिनिटं खळखळ उकळून रात्रभर निवू द्या, तळाचा साका न हलवता वरचं घ्या. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणपणा जात नाही. नळाला लावायच्या छोट्या गाळण्या क्लोरीन आणि गाळ अडवतात, पाणी मऊ करत नाहीत. मऊ करणारं यंत्र वेगळं: त्यात राळेचे मणी असतात आणि ते ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. दुकानदार मिठाचं नाव काढत नसेल तर ते यंत्र मऊ पाण्याचं नाही.

मृगानंतर गच्चीवरचं पावसाचं पाणी. पहिले एक-दोन पाऊस कौल-पत्रे धुऊन जाऊ द्या, नंतरचं फडक्यातून गाळून झाकून ठेवा. यापेक्षा मऊ पाणी विकतसुद्धा मिळायचं नाही. जळगाव शहरात ज्यांना वाघूर धरणाचं नळाचं पाणी आहे त्यांनी निदान डोक्यासाठी बोअरचा कॉक बंद ठेवावा, धरणाचं पाणी सहसा बोअरपेक्षा हलकं असतं.

आवळकाठी

एवढा ईडीटीएचा खटाटोप कशाला? शिकेकाई-रिठ्याचा फेस जड पाण्यात साका करत नाही, कारण तो साबण नव्हेच. शिवाय शिकेकाईचं पाणी मुळात आंबटसर.

पण बाजारची पावडर डोक्यावर थापू नका, सगळे तिथेच चुकतात. पावडरीतले शेंगांचे बारीक कण कुरळ्या केसात अडकतात आणि चोळताना पॉलिश पेपरसारखे घासतात. शेंगा आणा. आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे, मूठभर आवळकाठी, एक लिटर पाण्यात (जमलं तर आरओच्या) रात्री भिजत घाला. सकाळी मंद आचेवर 15 मिनिटं उकळा, कोमट झालं की कुस्करून दुपदरी फडक्यातून गाळा. स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, ती तऱ्हा मेहंदीसाठी ठीक. हे पाणी टाळूवर ओतायचं, बोटांच्या पेरांनी हलकं चोळायचं, डोळे घट्ट मिटून. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी आंबतं.

कोरडे केस असतील तर रिठे तीनवर आणा. रिठा फार ओरबाडतो.

पांझरा

काकू, काढा बरोबर आहे, एक पुस्ती जोडते. त्याने रात्रभर थापलेलं तेल निघत नाही, आणि सिलिकॉनवाला सिरम लावत असाल तर तोही नाही. मग बायका तीन-तीनदा चोळतात आणि केस तुटतात. काढा वापरायचा तर तेल निम्मं करा.

तेलाचं माप तसंही जास्तच आहे. तुमच्या लांबीला 10 मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, खूप झालं. न्हाण्याआधी दोन-तीन तास, टाळूपेक्षा खालच्या अर्ध्या केसांना. खोबरेलच का, तर त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं, पाणी आत-बाहेर करताना केस कमी फुगतो आणि धुताना प्रथिन कमी निसटतं. 2003 मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून हे छापलं होतं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही लक्षात असू द्या, पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. कोंडा असेल तर टाळूला रात्रभर तेल अजिबात नको, कोंड्याच्या बुरशीचं ते खाद्य.

एरंडेल एकटं कधीच नाही. ते इतकं दाट असतं की लांब केस एकमेकांत अडकून जटेसारखा गोळा होतो आणि शेवटी कापावा लागतो. हवंच तर चार भाग खोबरेलात एक भाग. आणि केळ्याबद्दल तुमच्याशी सहमत: रावेर-यावलची केळी पोटात घाला. केसात अडकलेले केळ्याचे तुकडे काढताना जेवढे केस तुटतात तेवढे लेपाने वाचत नाहीत.

कैची_कंगवा

कापण्याचं आणि बांधण्याचं माझ्याकडे.

फुटलेला फाटा चिकटत नाही. सिरम त्यावर दोन दिवसांपुरता लेप देतो, एवढंच. न कापलेला फाटा उसासारखा वर चिरत जातो, म्हणून ‘वाढवायचेत, कात्री लावणार नाही’ हा हट्ट अंगाशी येतो. पहिल्या वेळी मन घट्ट करून तीन-चार सेंटिमीटर काढा, पांढरे ठिपके सुरू होतात त्याच्या वरपर्यंत. पुढे दर 12 आठवड्यांनी एकच सेंटिमीटर. हिशेब: वर्षाला 15 वाढ, चार वेळा मिळून चार कापले, हातात 11. खांद्याखालून कमरेपर्यंत तुमच्या उंचीप्रमाणे 35 ते 40 सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन वर्षं. कुरळे केस आखडून दिसतात, त्यामुळे माप घेताना बट ताणून टेपने घ्या, आरशातलं माप फसवतं.

कुरळे केस कोरडेच कापायचे. ओले केस लांब पडतात आणि सुकल्यावर दोन बोटं वर चढतात. कैची केस कापायचीच हवी, घरातली कापडाची किंवा दुधाच्या पिशवीची नको. बोथट पात्यात केस कापला जाण्याआधी चेपला जातो आणि तिथेच नवा फाटा फुटतो. पार्लरमध्ये ‘रेझर नको, विरळ करायची दातेरी कैची नको’ हे बसण्याआधी सांगा. फेदर कट सरळ केसाला शोभतो, कुरळ्याचे शेंडे त्याने तिरके तासले जातात.

मधल्या काळात महिन्यातून एकदा भर उजेडात बसून एकेक बट पिळायची. पिळाबाहेर डोकावणारा फाटा त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर छाटायचा. लांबी कमी होत नाही. फाटा बोटांनी ओढून तोडणाऱ्यांनी मात्र हात मांडीखाली ठेवावेत.

स्कार्फचं म्हणाल तर सुती कापड कपाळावरचे आणि मानेवरचे केस घासतं, वर घाम. मॅचिंग सेंटरमधून अस्तराचं सॅटिन अर्धा मीटर आणा, टोपीसारखं आधी ते, त्यावर नेहमीचा स्कार्फ आणि हेल्मेट. वेणी बाहेर फडफडत ठेवू नका, कुर्त्याच्या आत सोडा. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मृग निघेपर्यंत आपल्याकडे वारा भट्टीसारखा सुटतो. मोकळे केस घेऊन तासभर स्कूटी म्हणजे तासभर कोरडं विंचरणं. उशीला उरलेल्या सॅटिनचा अभ्रा शिवा.

रोजच्यासाठी सैल तिपेडी. वेणी घातल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटल्या तर सैल करा. कानशिलाजवळचे केस वर्षानुवर्षं ताणून ते मूळच सुकतं, मग तिथे परत उगवत नाहीत. भांग दर आठवड्याला बोटभर सरकवा. पैशाचं रबर नको, कापडी रबर. ओले केस कधीच बांधू नका.

सणावाराला, कानबाईच्या उत्सवाला म्हणा किंवा हळदीला, कुरळ्या केसांचा अंबाडा सरळ केसांपेक्षा चांगला बसतो, फुगवायला आत काही भरावं लागत नाही. आदल्या दिवशी न्हा, त्याच दिवशी नको, ताजे केस निसटतात. मानेजवळ सैल शेपटी, दोन पदर करून एकमेकांभोवती पीळ, मग गुंडाळी. आकडे चार-पाच पुरतात: आकडा आधी गुंडाळीच्या बाहेरून थोडे केस उचलून घ्यायचा आणि मग उलटा फिरवून आत खोचायचा. ज्याच्या टोकाची प्लास्टिकची बोंडी निघालीय तो आकडा फेकून द्या, उघडी तार केस चिरते. गंगावन लावायचंच तर अंबाड्याच्या बुडाशी सगळ्या केसांवर भार येईल असं, चार केसांच्या बटेला लटकवू नका, आणि घरी आलं की लगेच सोडा. गजरा अंबाड्यावर बांधा, केसात दोऱ्याची गाठ मारू नका.

स्मूदनिंगच्या मोहात पडू नका. द्रव कोणताही असो, वरून इस्त्री 200 अंशांच्या पुढे फिरते, आणि काही द्रवांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतो. घरच्या इस्त्रीचंही तेच, ओल्या केसावर फिरवली तर आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तो तिथेच मोडतो. ड्रायर चालेल, 15 सेंटिमीटर लांबून, हात हलता ठेवून.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. आज फणी कपाटात गेली. दोन शंका. मोकळे सोडायचे तेव्हा वळी सुटून झिपऱ्या होऊ नयेत म्हणून काय लावायचं? बाजारचं जेल लावलं की कडक होऊन पांढरी पापडी निघते. आणि केसांना मेहंदी चालेल का?

कैची_कंगवा

पापडी बहुतेक वेळा दोन पदार्थांचं न जुळल्याने निघते. तळहातावर तुमचं कंडिशनर आणि जेल थेंब-थेंब मिसळून बघा. फाटून दह्यासारखं झालं तर केसातही तेच होतं. जेल बदला, किंवा जवसाचं घरी करा.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी (आरओचं), मध्यम आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळा. निवल्यावर गाळायला बसलात तर पिळून मनगट जाईल पण थेंब पडणार नाही. फ्रीजमध्ये सात दिवस, वास बदलला की टाका. बाकीचं बर्फाच्या साच्यात गोठवा.

लावायचं ते केस अगदी निथळते असताना, पाणी टिपण्याआधी. चारही भागांना मिळून दोन-तीन मोठे चमचे, वरून खाली तळहातांत दाबत, मग खाली वाकून शेंड्यांकडून मुठीत धरून वर चेपायचे. नंतर सुती तुकड्याने टिपा आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. मे महिन्यात तासाभरात सुकतील, श्रावणात अर्धा दिवस जाईल. सुकल्यावर वळी कडक लागते, ती तशीच हवी. तळहातावर तीन थेंब खोबरेल चोळून मुठीत दाबली की कडकपणा मोडतो, वळी राहते.

आवळकाठी

मेहंदीचा रंग केसातल्या केराटिनला घट्ट बसतो, केस जाड लागतो, पण दर महिन्याला शेंड्यांपर्यंत लावत गेलं की तो राठ होतो आणि वळी सैल पडते. पांढरे झाकायचे असतील तर फक्त मुळांना, दीड-दोन तास, आणि धुतल्यावर कंडिशनर. ‘काळी मेहंदी’ नावाच्या पुड्यांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. वापरायचीच तर आधी कानामागे थेंब लावून 48 तास वाट बघा. खाज किंवा सूज आली तर पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

जड_पाणी

व्हिनेगर घेताना बाटलीवर टक्के वाचा. रसायनांच्या दुकानातलं तीव्र ॲसिटिक ॲसिड हे वेगळं प्रकरण आहे, ते घरात आणू नका. आणि बोअरची पातळी किंवा गाळ बदलला की पाणी परत तपासा. आमच्या पट्ट्यात एकाच गल्लीतल्या दोन बोअरांत दुपटीचा फरक निघतो.